उत्तर नको असलेला प्रश्न

माझी मावशी गाद्यांच्या दुकानात जाहिराती लिहायची. तिचं टेबल वरच्या मजल्यावर, उशांच्या ढिगामागे होतं. खाली गिऱ्हाइकांनी कितीही आवाज चढवला तरी तो त्या उशांत मुरून जायचा, म्हणून तिथं बसलं की शब्द नीट ऐकू येतात असं तिचं म्हणणं होतं. तिचं सगळ्यांत गाजलेलं वाक्य म्हणजे "झोप तुमची, काळजी आमची." ते बसच्या पाठीवर होतं, दुकानाच्या पिशव्यांवर होतं, आणि शाळेत कुणी बाकावर डुलकी काढली की मुलं त्याच्या कानात तेच म्हणायची. मावशीला स्वतःला मात्र झोप बेताचीच होती. रात्रभर ती वाक्यं उलटीसुलटी करत पडायची.

नोकरीच्या निमित्ताने मी दोन-तीन वर्षं तिच्याकडे राहिले, तेव्हा तिचा स्वभाव मला जवळून पाहायला मिळाला. दुसऱ्याचं वाक्य ती आहे तसं राहूच द्यायची नाही. फळवाल्याच्या पाटीवर "ताजी फळे मिळतील" असं लिहिलेलं होतं. तिने त्याला "मिळतील" खोडायला लावलं, कारण त्यात शंका आहे म्हणे. एकदा ती तापाने फणफणलेली असताना डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला विश्रांतीची गरज आहे." मावशीने डोळेही न उघडता त्यांना सांगितलं, "गरज आहे ती विश्रांतीची, असं म्हणा. शेवटचा शब्द माणसाच्या लक्षात राहतो."

काका नेमके उलटे. ते चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. दिवसभर तोंडासमोर यंत्र घरघरत असल्यामुळे बोलायची सवय गेली होती, की मुळातच नव्हती, हे कुणाला सांगता आलं नसतं. लग्नाला होकार देताना ते "चालेल" एवढंच म्हणाले होते, आणि मावशीने ते त्यांना जन्मभर ऐकवलं.

अशा घरात एका रविवारी पंपवाले आले.

पंपवाले म्हणजे बाजारात पाण्याचे पंप आणि पाइप विकणारे, दुरुस्त करणारे गृहस्थ. आडव्या बांध्याचे, नखांत कायमचं काळं ग्रीस. त्या वर्षी ते नगराध्यक्षपदासाठी उभे राहिले होते. त्यांच्या समोर होते वकीलसाहेब, जे आधीपासून त्या खुर्चीवर होते आणि ज्यांच्या बोलण्याला लोक साखरेचा पाक म्हणायचे. गावाच्या पूर्वेकडच्या वस्तीत नळाला पाणी येत नव्हतं. तिथल्या बायका एकदा रिकाम्या बादल्या घेऊन वकीलसाहेबांच्या दारावर भांडायला गेल्या. साहेब गॅलरीत येऊन बोलले, इतकं सुरेख बोलले, की बायका बादल्या वाजवून दाद देऊन परत आल्या. घरी आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की बादल्या अजून रिकाम्याच आहेत.

पंपवाल्यांची पहिली सभा बाजारचौकात झाली होती, आणि ती आम्ही सगळ्यांनी ऐकली होती. म्हणजे ज्यांना ऐकता आली त्यांनी. माइकवाला त्यांच्या उंचीला माइक जुळवत होता तेवढ्यात ते म्हणाले, "पंप जुने आहेत. पाइप गळतात. मी दुरुस्त करतो. मत द्या." आणि खाली उतरले. माइकवाला अजून स्क्रूच पिळत होता. मागच्या लोकांना वाटलं, माइक तपासून झाला, आता भाषण सुरू होईल. बराच वेळ कुणी हललंच नाही.

तर ते पंपवाले आमच्या खुर्चीच्या कडेवर बसून मावशीला म्हणाले, "ताई, तुमचं वाक्य वाचून मी गादी घेतली. गादी कडक निघाली. तरी पुढच्या वर्षी बायकोसाठी दुसरी घेतली. गादी कडक होती, पण वाक्य मऊ होतं. मला तसलं काहीतरी द्या."

कुठला पक्ष, काय धोरण, मावशीने काही विचारलं नाही. इतकी वर्षं डोक्यातली सगळी हत्यारं गाद्यांवर चालवून ती कंटाळली होती. तिने फक्त विचारलं, "पाठांतर कसं आहे?" ते म्हणाले, "नट-बोल्टचे सगळे नंबर पाठ आहेत." तेवढ्यावर काम ठरलं.

शिकवणी आमच्या स्वयंपाकघरात चालायची. पंपवाले फ्रिजला टेकून उभे, मावशी समोर, आणि जनता म्हणून टेबलाशी वाटाणे सोलत बसलेले काका. मी चहा करता करता ऐकायची.

पहिल्या दिवशी मावशीने त्यांना तीन पायांचं वाक्य शिकवलं. दोन गोष्टी सांगितल्या की वाक्य कलंडतं, चार सांगितल्या की ते कपाटासारखं जागा अडवून बसतं, पण तीन सांगितल्या की स्टुलासारखं कुठेही घट्ट उभं राहतं, असं तिने समजावलं. पंपवाल्यांची अडचण अशी, की त्यांना करायच्या होत्या दोनच गोष्टी, पंप आणि पाइप. मावशी म्हणाली, तिसरी शोधा. त्यांनी छताकडे पाहिलं, फ्रिजकडे पाहिलं, आणि भीत भीत "मीटर?" म्हणाले. मावशीला 'प' हवा होता. "पंप, पाइप आणि प्रामाणिकपणा" असं तिने सुचवल्यावर ते म्हणाले, "प्रामाणिकपणा आपल्याकडे स्टॉकला नसतो ताई. लोक विचारायला आले तर काय दाखवू?"

"पाणी," काका वाटाणा तोंडात टाकत म्हणाले.

मावशीने थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिलं, मग "पंप, पाइप, पाणी" असं कागदावर लिहिलं आणि हे आपल्याला कालच सुचलं होतं असं सांगितलं.

उपमेचं प्रकरण अवघड गेलं. "वकीलसाहेबांचा कारभार म्हणजे गळका पंप" हे वाक्य मावशीने दिलं, तर पंपवाल्यांना पंपाचाच अपमान वाटला. गळका पंप काही वाईट नसतो, नुसता वॉशर गेलेला असतो, असं म्हणून त्यांनी वॉशर या विषयावर जे बोलायला सुरुवात केली, ते ऐकताना मला प्रथमच समजलं की ह्या माणसाला बोलता येतं. मावशीने त्यांना थांबवलं. उपमा देऊन पुढे जायचं, मागे वळून ती उघडून दाखवायची नाही, अशी तंबी दिली.

अतिशयोक्तीवर तर वादच झाला. "या वस्तीतल्या आयांच्या डोळ्यांतून जेवढं पाणी वाहिलं, तेवढं नळातूनसुद्धा वाहिलं नाही," असं वाक्य होतं. मला ऐकतानाच गलबलून आलं. पंपवाले मनातल्या मनात काहीतरी करत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "नाही जमत ताई. अख्खी वस्ती वर्षभर रडली तरी एक टाकी भरत नाही."

"मोजायचं नसतं हो ते," मावशी म्हणाली.

"मी पाण्याचा माणूस. मी मोजणारच."

शेवटी ते वाक्य गेलं. मावशीने ते दुसरीकडे कुठे वापरता येईल म्हणून जपून ठेवलं, पण गाद्यांच्या जाहिरातीत ते काही बसेना.

आणि मग आला तिचा सगळ्यांत आवडता प्रकार: उत्तर नको असलेला प्रश्न. मावशीचा या प्रकारावर फार जीव होता. ती सांगायची, की माणसं सभेला आपलं ऐकायला येत नाहीत, स्वतःचंच ऐकायला येतात. तुम्ही प्रश्न टाकून गप्प राहिलात की ती मनातल्या मनात उत्तर देतात, आणि मग ते उत्तर त्यांचं होतं, तुम्ही दिलेलं राहत नाही. "आणि स्वतःचं म्हणणं कुणाला पटत नाही?" असं म्हणून ती थांबली.

"मला," काका म्हणाले.

मावशीने दुर्लक्ष केलं. तिने पंपवाल्यांना वाक्य दिलं, "या नळाला पाणी का येत नाही?" आणि सांगितलं, की त्यानंतर थांबायचं. काही झालं तरी थांबायचं. ती स्वतः स्टेजच्या कडेला बोट वर करून उभी राहणार होती. बोट वर आहे तोवर अवाक्षर काढायचं नाही. पंपवाल्यांनी प्रश्न विचारला आणि थांबले.

"पाइप गंजलाय म्हणून," काकांनी उत्तर दिलं.

"अहो, उत्तर द्यायचं नसतं."

"मग विचारायचं कशाला?"

पंपवाल्यांना हा मुद्दा मनापासून पटला. तो त्यांच्या मनातून काढायला मावशीला पुढची अख्खी शिकवणी लागली.

दुसरी सभा पूर्वेच्या वस्तीतच, शाळेच्या मैदानावर होती. गर्दी चांगली जमली होती, काही तर नुसतं चौकातल्या भाषणाचा पुढचा भाग ऐकायला आले होते. स्टेजवर खुर्च्या मांडल्या होत्या. त्यांत पंपवाल्यांचा मेहुणा, म्हणजे त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ, नवा कोट घालून बसला होता. मी आणि काका पुढून तिसऱ्या रांगेत. मावशी स्टेजच्या पायऱ्यांशी, ओठांनी अख्खं भाषण पुटपुटत उभी.

सुरुवात इतकी छान झाली की मला खरं वाटेना. "पंप!" ते म्हणाले, आणि श्वास घेतला. "पाइप!" पुन्हा श्वास. "पाणी!" आणि हेच तीन शब्द त्यांनी तिसऱ्यांदा घेतले तेव्हा "पाणी" लोकांनीच म्हटलं. गळका पंप आला, वॉशर न उघडता पुढे गेला. हशा पिकला. तीच माणसं, तोच विषय, चौकात ज्याच्याकडे कुणी मान वळवली नव्हती तोच गृहस्थ. पण आता लोक पुढे झुकून बसले होते. बायकांनी मुलांना गप्प केलं होतं. मावशीचा चेहरा तर असा उजळला होता, की जणू तीच उमेदवार आहे.

मग त्यांनी मागच्या भिंतीजवळच्या कोरड्या नळाकडे हात केला आणि विचारलं, "या नळाला पाणी का येत नाही?"

मावशीचं बोट वर गेलं. मैदान चिडीचूप झालं. आणि पहिल्या रांगेतल्या इस्त्रीवाल्या बाई, अगदी साध्या, शेजारणीला वेळ सांगावी तशा आवाजात म्हणाल्या, "तुमच्या मेहुण्याने टाकलीय ती लाइन."

माइकने तेही टिपलं.

खरं होतं ते. काही वर्षांपूर्वी मेहुण्याने तिथल्या पाइपलाइनचं कंत्राट घेतलं होतं, आणि आम्ही सोडून सगळ्या वस्तीला ते ठाऊक होतं. मावशीने कधी विचारलं नव्हतं. तिला वाक्यात रस होता, लाइनमध्ये नव्हता. आता ती जागच्या जागी थिजली होती, आणि बोट तसंच वर राहिलं होतं. पंपवाल्यांची नजर त्या बोटावर. सांगितल्याप्रमाणे ते थांबले. मेहुण्याने खुर्ची हळूच मागे सरकवली, तिचा पाय फळ्यांवर करकरला, तोही माइकने टिपला. मी काकांचा हात धरला. ते म्हणाले, "आता उत्तर द्यायला हवं."

शेवटी मावशीचा हात आपोआप खाली आला. पंपवाल्यांनी हातातला कागद पाहिला. त्यात पुढे काय लिहिलं होतं ते आता काही उपयोगाचं नव्हतं. त्यांनी तो खिशात घातला.

"मेहुणा माझा," ते म्हणाले. मग जरा थांबून, "पाइप दिले ते दुकान माझं. स्वस्तातले दिले, तो लोभ माझा. काम बघायला कधी आलो नाही, ती चूक माझी." पुन्हा थांबले. कपाळावरचा घाम त्यांनी बाहीने पुसला, आणि कोरड्या नळाकडे बघत म्हणाले, "आता दुरुस्तीही माझीच."

मग इस्त्रीवाल्या बाईंनी टाळी वाजवली. त्यांच्या शेजारणीने वाजवली. आणि मग मैदानात जो कडकडाट झाला, तो वकीलसाहेबांना त्यांच्या गॅलरीत ऐकू गेला असं म्हणतात.

घरी येऊन चपला काढता काढता मावशीचा बांध फुटला. "माझा, माझं, माझा, माझी, माझीच," ती बोटं मोजत म्हणाली, "दर वेळी वाक्याच्या शेवटी. आणि शेवटच्याला 'च' लावला. नेमका शेवटच्याला! हे त्यांना शिकवलं कुणी?"

"तूच," काका म्हणाले.

"मी तीनच पाय सांगितले होते."

तिला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी दुकानातून परस्पर ती पंपवाल्यांकडे गेली आणि हे कसं सुचलं म्हणून त्यांना खोदून खोदून विचारलं. ते एक मोटर उघडून बसले होते. हातातला स्क्रू बाजूला ठेवून म्हणाले, "ताई, पाय घसरला की माणूस हाताला येईल ते धरतो. माझ्या हाताला तेवढा एकच शब्द आला. तो सोडला असता तर पडलो असतो."

त्या दिवशी मावशी घरी आली ती कधी नव्हे इतकी शांत. जेवताना तिने मला विचारलं, की गर्दीत मूल हरवलं की आई काय करते. मी म्हटलं, हाका मारते. "एकच नाव, पुन्हा पुन्हा," ती म्हणाली. "तिला कुणी शिकवलेलं नसतं. मी आपली आजवर समजत होते की ही सगळी नक्षी आहे." मग तिने काकांच्या ताटात भात वाढला, त्यांनी पुरे म्हटलं तरी वाढतच राहिली.

"दुरुस्ती माझीच" हे वाक्य दोन दिवसांत भिंतींवर चढलं. पण वाक्य इतकं घट्ट बसलं की त्याचा त्रास होऊ लागला. लोक पंपवाल्यांच्या दुकानात शिलाईची यंत्रं, मोडक्या छत्र्या, पंखे आणून ठेवू लागले. एक नवराबायको तर आपलं भांडण घेऊन आले. नाही म्हणायची सोय नव्हती. मैदानभर लोकांनी ऐकलं होतं. त्यांनी छत्र्या दुरुस्त केल्या, पंखे दुरुस्त केले, आणि त्या जोडप्याला चहा पाजून एकेकाचं ऐकून घेतलं.

स्वतःच्या घरात मात्र दुरुस्ती अडली होती. भावाचं नाव भर सभेत काढलं म्हणून वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, बोलणं टाकलं होतं. पंपवाले पुन्हा आमच्या खुर्चीच्या कडेवर येऊन बसले. "ताई, घरी एक भाषण हवंय."

मावशीने जीव ओतून लिहिलं. त्यात अनुप्रास होता, उपमा होती, तीन पायांची दोन वाक्यं होती, आणि शेवटी उत्तर नको असलेला प्रश्न होता: "तुझ्याशिवाय या घराला घर कोण म्हणेल?" पंपवाल्यांनी ते पाठ केलं आणि गॅसच्या शेगडीशी उभं राहून म्हणून दाखवलं. वहिनींनी हातातलं काम न थांबवता सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला गादी घ्यायची नाहीये."

पंपवाले नुसतं "चुकलं" म्हणाले. वहिनी म्हणाल्या, हे आधी म्हणाला असतात तर पोळी गरम मिळाली असती. भावाला त्यांनी दुसऱ्या दिवशी जेवायला बोलावून घेतलं, आणि जेवता जेवता त्यालाही ऐकवलं, की स्टेजवर कोट घालून बसलास तसा आता खड्ड्यात उतर.

हे सगळं पंपवाल्यांनी मावशीला सांगितलं तेव्हा मला वाटलं ती रागावणार. पण "मला गादी घ्यायची नाहीये" हे वाक्य तिला इतकं आवडलं की ती मुद्दाम वहिनींना भेटायला गेली. तेव्हापासून त्या दोघींचं जे जमलं ते आजतागायत. एखादी जाहिरात लिहून झाली की मावशी ती आधी वहिनींना ऐकवते, आणि त्यांनी नाक मुरडलं की फाडून टाकते.

निवडणूक पंपवाले थोडक्यात जिंकले. हरल्यावर वकीलसाहेबांनी निरोपाचं भाषण केलं, ते असं हृदय पिळवटणारं होतं की पुष्कळांना आपण चूक केली असं वाटलं, आणि त्यांनी त्याच वेळी मत मागितलं असतं तर निकाल फिरला असता.

पूर्वेची वस्ती मग उकरली गेली. मेहुणा खरंच खड्ड्यात उतरला. नवे जाड पाइप पडले, आणि त्याच शाळेच्या मैदानावर नळाला पाणी सोडायचा दिवस ठरला. मावशीने त्या दिवसासाठी मोजून दोन ओळी लिहिल्या होत्या. त्यांच्यासाठी तिने दुकानातून रजा काढली होती, आणि वहिनींनीही त्या ऐकून मान डोलावली होती. एवढं झाल्यावर त्या ओळी म्हणजे तिच्या दृष्टीने पाइपलाइनपेक्षा मोठं काम होतं.

झालं असं, की पंपवाल्यांनी आधी नळ सोडला. पाणी असं जोरात आलं की खालची बादली उडाली. लोक ओरडले, मुलं धावली, बायकांनी हंडे पुढे केले, आणि त्या गोंधळात पंपवाले माइकसमोर उभे राहून काहीतरी बोलताना दिसले. ओठ हलत होते. ऐकू कुणालाच आलं नाही.

मावशी तरातरा पुढे गेली, गर्दीतून वाट काढत थेट नळापाशी पोचली आणि तिने नळ बंद केला.

"अहो बाई, हे काय?" इस्त्रीवाल्या बाई अर्धा हंडा धरून म्हणाल्या.

"दोन ओळी आहेत," मावशी म्हणाली. "ऐका, मग भरा."

तिच्या आवाजात असं काही होतं की लोक खरंच गप्प झाले. पंपवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग गर्दीकडे, मग हळूहळू, एकेक शब्द सोडत ते म्हणाले, "आजवर या गावात भाषणांना धार होती, नळाला नव्हती. आता नळाला धार आहे, म्हणून भाषण इथेच संपवतो."

आधी एक हसला, मग पाठोपाठ सगळे. काही जण दुसऱ्याला समजावून सांगत हसत होते. मावशीने डोळे मिटून ते सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा नळ सोडला. नळाने नुसताच श्वास टाकला, मग खोकला, मग घुरघुरला. पाणी येईना. सगळे माना पुढे काढून बघत राहिले. पंपवाले घाईघाईने स्टेजवरून उतरले, मेहुणा पाना घेऊन धावला, आणि काका, जे इतका वेळ कोपऱ्यात उभे होते, मला म्हणाले, "आता नळाने बोलायला सुरुवात केली."

तेवढ्यात पाणी आलं, थेट मावशीच्या अंगावर. ती नखशिखांत भिजली, साडी चिकटली, चष्म्यावरून पाणी ओघळू लागलं. तरी ती तिथून हलेना. शेजारच्या बाईला कोपराने ढोसून तिने विचारलं, "मागच्यांना ऐकू आलं का हो ते वाक्य?"